लांबी

कागदावर लिहिलंय: लांबी सहा मीटर ऐंशी.
तेवढीच असेल, असं धरून
मी विंचवाल्याला पैसे मोजले.

बुरा वारा तीन दिवस किंचाळून
आज घसा बसल्यासारखा गप्प.
बेटिनाच्या गोदीत रुळांवर चरबी फासलेली,
आणि माझ्या वडिलांची गाएता
पाण्यातून वर येतेय, बोटाबोटाने.
पोटाला शेवाळ, शिंपले, एक चुकार खेकडा.
तो उतारावरून तिरका पळत परत समुद्रात गेला.
शहाणा.

इतकी वर्षं मला ती पाण्याच्या रेषेपर्यंतच माहीत होती.
खालून केवढी निघाली,
आणि कशी अवघडलेली,
तपासणीच्या टेबलावर बसवून
डॉक्टर बाहेर निघून गेल्यावर बाई बसते तशी.
मी उगीचच शिडाच्या गाठी मोजत राहिले.

येरोलिम एकोणऐंशी वर्षांचा. मोजपट्टी बाळगत नाही,
लाकडी हातोडी बाळगतो.
नाळेपासून निघाला, फळीफळीला कान देत.
टण. टण. टण.
सुकाणूच्या अलीकडे, डाव्या कुशीत
थप्प.
मागे आला. पुन्हा थप्प.
मग माझ्याकडे न बघता म्हणाला,
"तुझा बाप सुतार नव्हता."

रंग खरवडायला चार दिवस.
पांढरा. त्याखाली निळा.
त्याखाली हिरवा, मी झादरला शाळेत गेले त्या साली उरलेला,
आमच्या खिडक्यांनाही तोच होता.
त्याखाली करडा,
ज्या वर्षांबद्दल जेवताना कुणी बोलत नसे.
आणि करड्याखाली लाकूड नाहीच.
लांबी.
मूठमूठ लांबी, वाळून दगड झालेली,
तिच्या आत सिमेंट, सार्डिनच्या डब्याचं झाकण,
आणि सगळ्यात आत, चौघडी करून कोंबलेलं
मेणकापड.
पिवळी लिंबं छापलेलं.

आईचं मेणकापड!
स्वयंपाकघरातल्या टेबलावरचं,
जे वाळत घातलं होतं आणि दोरीवरून गेलं,
जे शेजारच्या फ्रानिकानेच नेलं,
हे आईला पक्कं ठाऊक होतं.
दोन उन्हाळे बोलली नाही तिच्याशी.
नंतर बोलली, पण पीठ उसनं कधी मागितलं नाही.
आणि बाबा? सूप ओरपत बसलेले,
भिंतीकडे बघत,
आणि दर रविवारी आम्हाला बोटीतून फिरवत,
त्या लिंबांवर बसवून.

येरोलिम एवढा हसला की खोकला लागला.
"मार्चमध्ये सगळेच असं करतात," म्हणाला,
"ऑगस्टमध्ये विसरतात."

फ्रीमँटलहून भावाचा फोन. तिकडे रात्र.
"विकून टाक. नाहीतर जाळ.
माझ्या अर्ध्या हिश्शाची राख मला नको."
मी म्हटलं, तुझ्या अर्ध्यात भोक आहे,
माझं अर्धं ठणठणीत.
तो हसला नाही. मग थोड्या वेळाने,
"लिंबं? खरंच?"

एप्रिलभर तासणी आणि गिरमिट.
तुतीची नवी बरगडी वाफेवर वाकवली,
एक मोडली, दुसरी बसली.
डांबरात भिजलेला ताग सांध्यात ठोकताना
हातोडीचा आवाज बदलत जातो,
तो बदलला की थांबायचं,
हे मला अकराव्या दिवशी कळलं.
वरून शेंदूर, दोन हात.
नखांतला अजून निघत नाही.

मेमध्ये सोडली, आणि ती गळायला लागली.
सगळीकडून, आनंदाने.
मी ओरडले. येरोलिम सिगारेट वळत होता.
"दोन महिने उन्हात होती. तहानली आहे.
पिऊ दे. फळ्या फुगतील, मिटतील आपोआप.
तू फक्त बुडू देऊ नकोस."

पहिल्या रात्री एकशे चौदा बादल्या.
दुसऱ्या रात्री एकसष्ट.
आज तिसरी. गुडघ्यावर घोंगडी,
खाली अंधारात पाण्याची बारीक चुळबुळ,
आणि खिशात त्या मेणकापडाचा धुतलेला तुकडा,
दीड लिंबाएवढा.

फ्रानिका त्र्याऐंशीची आहे. वरच्या गल्लीत राहते.
तिच्या खिडकीत दिवा आहे, इथून दिसतो.
काय म्हणायचं असतं अशा वेळी,
दार उघडल्यावर?

बादली भरली.